जुनी अँबॅसडर एका बाजूला ओढते? आधी उंची मोजा

स्टेअरिंग एका बाजूला ओढतंय म्हणून थेट अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवून घेणं) करायला जाऊ नका. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून आलेल्या अँबॅसडरला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, लांब टॉर्शन बार आहेत. चाक वर गेलं की हा पोलादी दांडा पिळला जातो आणि चाकाला परत खाली दाबतो. वर्षानुवर्षांच्या वजनाने त्याचा ताण कमी होतो, ती बाजू बसते. बाजू बसली की चाकाचा कल बदलतो, टो (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) सुद्धा बदलतो.

सपाट फरशीवर, हवा सारखी भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक दिसला तर आधी उंची जुळवून घ्या आणि मगच अलाइनमेंट करा. उलट क्रमाने केलं तर पैसे हमखास पाण्यात.

मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगाही विसरू नका. शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश झिजले की वळणावर मागचा अ‍ॅक्सल किंचित तिरका सरकतो आणि गाडी मागून वळल्यासारखी वाटते. पहारीने पाट्याचं टोक हलवून बघा, ‘खट्’ वाजलं की बुश संपले. ते स्वस्त असतात. नाहीतर चाकं वळवणाऱ्या बिचाऱ्या चांगल्या स्टेअरिंग रॅकवर उगाच खापर फुटतं.