क्रॉपी गळाला लागत नाही? या चुका टाळा

गावाकडे तळ्यावर रोहू-कटला पकडलेली आपली मंडळी अमेरिकेत क्रॉपी हा गोड्या पाण्यातला मासा पकडायला निघाली की पहिली चूक दुकानातच करतात. जाड रॉड, 20 पौंड ताण झेलणारी लाइन (गळाचा दोरा), भला मोठा गळ आणि कणकेचा गोळा. क्रॉपी कणीक खात नाही, त्याला जिवंत मिनो (आमिषाचे चिमुकले मासे) नाहीतर छोटं जिग (वजनदार डोक्याचा, खोटं आमिष लावलेला गळ) लागतं, आणि मासा बहुतेक वेळा पाव ते अर्धा किलोचाच, त्याला एवढा दोरखंड कशाला! 4 ते 8 पौंडाची लाइन बास झाली. 1/16 औंसाचं जिग जाड लाइनवर नीट फेकताही येत नाही आणि नीट बुडतही नाही.

आता मुख्य गोष्ट. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वर बघून खातो, खाली गेलेल्या आमिषाकडे सहसा ढुंकून बघत नाही. आपण मात्र सवयीने गळ थेट तळाला सोडतो आणि तासभर बसतो. मासे 10 फुटांवर असतील तर आमिष 9 फुटांवर पाहिजे. खोली माहीत नसेल तर वरून सुरुवात करा आणि अर्धा-अर्धा फूट खाली जा, सरकणारा बॉबर (पाण्यावरचा तरंगा) घेतलात तर लाइनवर त्याला अडवणारी स्टॉपरची गाठ सरकवली की काम होतं. मासा आमिष घेऊन वर उठतो म्हणून कधी कधी बॉबर बुडतच नाही, उलट आडवा पडतो, नवीन माणूस वाट बघत बसतो आणि मासा थुंकून मोकळा. आडवा पडला की उचला.

उचला म्हणजे हिसका नको. ह्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ, जोर लावलात की फाटते. लागला होता पण काठाशी येऊन सुटला असं सारखं होत असेल तर रीळचा ड्रॅग (लाइन सोडणारा ब्रेक) सैल करा, रॉड मऊ टोकाचा घ्या, मासा लाइनने वर उचलू नका, हातजाळी वापरा.

गळ सारखा बुडालेल्या फांद्यांत अडकतो? अडकणारच, क्रॉपी राहतो तिथेच, म्हणून जागा सोडू नका, बारीक तारेचा गळ लावा, हळू ओढला की सरळ होतो आणि निघतो, मग पकडीने परत वाकवायचा.

जिग नाचवत बसू नका, जवळजवळ स्थिर ठेवा आणि जिगला बांधलेली गाठ अशी सरकवा की जिग पाण्यात आडवं लटकेल. रंगांवर लोक उगाच भांडतात, गढूळ पाण्यात भडक लावा आणि पुढे चला.

जागा बदलायचा कंटाळा नको. वसंतात पाणी 60-65 फॅरनहाइटला आलं की क्रॉपी अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतो, तेव्हा होडी नसली तरी चालतं. उन्हाळ्यात आणि थंडीत तो खोल पाण्यात, पुलाच्या खांबांशी. थव्याने राहतो, त्यामुळे पंधरा मिनिटं काही नाही तर उठा.

डॅलसवाल्यांनो, टेक्सासमध्ये सहसा 10 इंचाखालचा क्रॉपी सोडावा लागतो, दिवसाला 25ची मर्यादा. पण टेक्सासमधल्याच लेक फोर्क तलावावर डिसेंबर ते फेब्रुवारी उलटं आहे, लहान असो मोठा असो, पकडलेला ठेवायचाच, कारण खोलातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो बऱ्याचदा जगत नाही. नियम बदलतात, जायच्या आधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर बघून घ्या.