पाच मोल युरिया आणि पंधरा लिटरचा पंप

दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावी सायन्सला तालुक्याला गेलो आणि पहिल्याच चाचणीत आपटलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीनं जायचो, अर्धी झोप तिथंच व्हायची. प्रश्न साधा होता: 0.1 मोल (मोल म्हणजे पदार्थ मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) सोडियम हायड्रॉक्साइड आहे, 0.5 मोलॅरिटीचं द्रावण हवं, आकारमान किती? मी दोन्ही आकडे गुणले. 0.05 लिटर. भोपळा.

मोलॅरिटी म्हणजे मोल भागिले द्रावणाचे लिटर, हे सूत्र पाठ होतं, पण कशाला कशानं भागायचं ते डोक्यात बसेना. बसलं ते शेतात. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, दोन टक्के युरिया फवारायचा होता. बाबांनी 15 लिटरच्या पंपात 300 ग्रॅम युरिया टाकला. अर्ध्या पाण्यावरच मी पंप पाठीला लावायला गेलो तर ओरडले, "अबे, पानी पुरं भर! नाई त पानं जयून जातीन."

युरियाचा एक मोल म्हणजे 60 ग्रॅम. म्हणजे पंपात 5 मोल. पंप भरला की लिटरमागे 0.33 मोल, हीच मोलॅरिटी. अर्ध्या पंपात तीच 0.67. युरिया तेवढाच, द्रावण दुप्पट जहाल.

आता उलटं करा. 5 मोल आहेत, लिटरमागे 0.25 च हवेत, तर लिटर किती? 5 भागिले 0.25, म्हणजे 20. मोलला मोलॅरिटीनं भागलं, झालं. माझ्या चाचणीतलं उत्तर 0.2 लिटर, म्हणजे 200 मिली. मोलऐवजी ग्रॅम दिले असतील तर आधी मोल काढा. सोडियम हायड्रॉक्साइडचे 4 ग्रॅम भागिले 40, म्हणजे 0.1.

प्रॅक्टिकलला मात्र एक चूक हमखास होते. 200 मिली हे द्रावणाचं आकारमान, ओतायच्या पाण्याचं नाही. आधी थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. बीकर हाताला चांगला गरम लागेल, तो निवू द्या. मग 200 मिलीची खूण असलेल्या फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोनदा विसळून तेही पाणी त्यातच टाका. मग पाणी वाढवत खुणेजवळ आलात की ड्रॉपर घ्या, खाली वाका, डोळा खुणेच्या रेषेत आणा. पाण्याचा वरचा भाग वाटीसारखा वाकलेला दिसतो, त्या वाटीचा तळ खुणेला टेकला की थांबा.

आणि श्रावणात वजन करत असाल तर हात चालवा. काचेच्या बशीतल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून बघता बघता चिकट होतात, मग 4 ग्रॅममध्ये पाणीही मोजलं जातं. म्हणूनच नंतर ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेशन करून, म्हणजे मोलॅरिटी माहीत असलेल्या त्याच्या द्रावणाशी थेंबथेंब जुळवून, खरी मोलॅरिटी काढायला लावतात.