परासरण दाखवायला बेदाणे नको, बटाटा घ्या (आणि समुद्राचं पाणी)

शाळेतला परासरणाचा (पेशीच्या पटलातून, म्हणजे पातळ पडद्यातून, पाणी कमी दाट द्रावणाकडून जास्त दाट द्रावणाकडे जाण्याचा) प्रयोग बेदाणे घेऊन केला की ते फुगेपर्यंत वाट बघत बसावं लागतं, तोवर पोरं अंगणात पसार. त्यापेक्षा कच्चा बटाटा बरा. आपल्याकडे किनारा जवळच, येताना बाटलीभर समुद्राचं पाणी आणा, नाहीतर घरीच १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, समुद्राला साधारण तेवढाच खारटपणा असतो.

१. बटाटा सोलून बोटाएवढ्या सारख्या फोडी करा, पातळ नकोत.
२. दोन वाट्या, एकीत विहिरीचं किंवा नळाचं गोडं पाणी, दुसरीत खारं. फोडी पूर्ण बुडायला हव्यात.
३. दोनेक तास थांबा.

मग पोरांच्या हातातच द्या, डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं! गोड्या पाण्यातली फोड पाणी आत घेऊन ताठ होते, वाकवली की कट्कन मोडते, आणि खाऱ्यातली पाणी सोडून नरम पडते, नुसती वाकते. किचनचा वजनकाटा असेल तर आधी आणि नंतर वजन करा, फरक आकड्यात दिसला की अवपरासारी (पेशीतल्यापेक्षा कमी दाट द्रावण) आणि अतिपरासारी (पेशीतल्यापेक्षा जास्त दाट द्रावण) हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं तेही हेच, ते दाखवायला विसरू नका.

फक्त उकडलेला बटाटा घेऊ नका, उकडल्यावर पेशींची पटलं फाटतात आणि प्रयोग फसतो. आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाचं पाणी आणू नका, नदीचं पाणी मिसळून खारटपणा कमी झालेला असतो, तेव्हा मिठाचंच बनवा.