ऑइल लीक आणि सडके होज पाइप यांचं काम घरच्या घरी करताय? मग या चुका टाळा

पार्किंगमधे गाडीखाली काळा डाग दिसला की बहुतेक जण काय करतात, तर डागाच्या बरोब्बर वर जो बोल्ट दिसेल तो पाना लावून आवळतात, आणि अर्धी मेहनत तिथेच वाया जाते. ऑइल जिथून गळतं तिथेच टपकेल असं नसतं. ते वरून ओघळत येतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतो. त्यामुळे चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) ओला आहे म्हणजे चेंबरचंच पॅकिंग गेलंय असं समजू नका, जुन्या छोट्या पेट्रोल गाड्यांमधे कितीतरी वेळा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग उष्णतेने कडक झालेलं असतं आणि बदनाम होतो तो बिचारा चेंबर.

मुळात ते इंजिन ऑइल आहे का हे आधी बघा. पांढऱ्या टिश्यूवर बोट पुसायचं. रंगच नाही, नुसतं पाणी, तर एसीचं पाणी असेल, सोडून द्या. हिरवट, गुलाबी आणि वास गोडसर असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी. लालसर तेलकट म्हणजे बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. काळं, तपकिरी असेल तर आपलं इंजिन ऑइल.

आता लीक शोधायचं तर इंजिन साफ केल्याशिवाय काही खरं नाही. इंजिन पूर्ण गार असताना डिग्रीजर आणि जुना ब्रश घ्या, अल्टरनेटर आणि कॉइलवर प्लास्टिक बांधा, प्रेशर वॉशर मारू नका, आणि पेट्रोलने तर चुकूनही धुऊ नका. कोरडं झालं की संशय असेल तिथे घरातली टाल्कम पावडर हलकीशी उडवायची आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणायची. टॉर्च मारून बघा, पावडरीवर ओली रेघ दिसते, तिच्या मागे मागे वर जायचं, सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे तुमचा गुन्हेगार. रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवला तर किती गळतंय तेही कळतं.

टॅपेट कव्हर निघालं तर पुढची चूक म्हणजे सिलिकॉन. अर्धी ट्यूब पिळून कव्हर बसवतात, बाहेरून दिसतं एकदम झकास, पण आत आलेला जास्तीचा सिलिकॉन तुटून ऑइलमधे पडतो आणि चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो, मग ऑइल प्रेशर कमी होऊन इंजिनच बसायची वेळ येते. रबरी पॅकिंगला सिलिकॉन लागतच नाही, फार तर कोपऱ्यात जिथे जॉइंट येतो तिथे एक ठिपका, तोही कंपनीच्या मॅन्युअलमधे सांगितला असेल तरच. तेलकट पत्र्यावर एम सील किंवा फेविक्विक लावणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. आणि ते बोल्ट, 10 नंबरचा पाना लागतो ते, त्यांना साधारण 8 ते 11 न्यूटन मीटर एवढाच टॉर्क असतो, म्हणजे मनगटाचा जोर पुरे. ताकद लावली तर कव्हर वाकतं नाहीतर अॅल्युमिनियममधले आटे जातात. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं आवळत जा.

नवीन पॅकिंग टाकूनही महिन्याभरात परत गळायला लागलं की लोक पार्टला शिव्या देतात. पण पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला गॅस बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व्ह) किंवा त्याच कामाचा ब्रीदरचा पाइप चोक असेल तर इंजिनच्या आत गॅसचं प्रेशर साठतं आणि ते जिथून वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतं, तुम्ही कितीही पॅकिंगं बदला. व्हॉल्व्ह काढून हलवला तर बऱ्याच गाड्यांत खुळखुळ आवाज येतो, चिकटून गप्प असेल तर बदलून टाका, स्वस्तातला पार्ट आहे. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) मॅक्सच्या खुणेच्या वर ऑइल भरून ठेवणं हीसुद्धा अशीच विकतची डोकेदुखी.

सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली तर फिल्टर बघा. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवतात, मग डबल रिंगमधून ऑइल फवारतं. ड्रेन प्लगचा वायसर दरवेळी नवीन टाका. क्रँकचं मागचं ऑइल सील मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका, गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आता होज पाइप. क्रम महत्त्वाचा आहे, आधी ऑइल लीक आणि मग होज, कारण कूलंटचे होज साधारण ईपीडीएम रबराचे असतात आणि या रबराला तेल अजिबात चालत नाही, फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं. वर ऑइल टपकत असताना खाली नवा होज टाकलात तर तोही सडणार. याच कारणासाठी पेट्रोलच्या लाइनला पाण्याचा पाइप लावायचा नाही, दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी नाही, तिथे आगीशी गाठ आहे. होज बसत नाही म्हणून ग्रीस लावतात तेही चूक, साबणाचं पाणी किंवा थोडं कूलंट लावा, सरकन बसतो.

होज तपासताना वरून चकचकीत दिसतो म्हणून सोडू नका, गार असताना क्लिपजवळ दाबून बघा, आत कुरकुर लागली किंवा स्पंजसारखा दबला तर गेला तो. जुना काढताना पिळून ओढू नका, रेडिएटरची प्लास्टिकची नळी तुटली की शंभर-दोनशेचं काम हजारांत जातं. सरळ ब्लेडने उभा चिरा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे यायला हवी, नुसती टोकावर नको. स्क्रूवाली असेल तर दोन-तीन वेळा इंजिन तापून गार झाल्यावर एकदा चेक करा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत 100 अंशांच्या वरचं पाणी प्रेशरखाली असतं, झाकण फिरलं की ते उसळून तोंडावर येतं.

भरताना बोअरचं पाणी नको, क्षार बसतात, रेडीमिक्स कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमधे मिसळलेलं घ्या. थंड इंजिनवर झाकण उघडं ठेवून भरायचं, मग हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू करा, होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघू द्या आणि मग झाकण लावा. हवा अडकली तर तापमानाचा काटा उगाच वर-खाली होतो आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर नाहीच, स्टँड लावा. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमधे भरून गॅरेजवाल्याला द्या, ते भंगारात देतात. कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवून चहा प्यायला जाऊ नका, चवीला गोड असतं आणि सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात, थोडंसं पोटात गेलं तरी त्यांच्या किडन्या निकामी होतात.