‘णे’ लावून बघा: इंग्रजीतला जेरंड कर्ता आणि कर्म म्हणून कसा वापरावा

गोव्यातल्या डिचोलीत माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणारी बरीच मुलं हॉटेलातल्या नोकरीची तयारी करत असतात. पर्यटकांचा हंगाम जवळ आला की मुलाखतीचा सराव सुरू होतो आणि दर वर्षी तेच वाक्य कानावर येतं: ‘आय एन्जॉय टु कुक.’ डोक्यात ‘मला स्वयंपाक करायला आवडतो’ असतं, त्यातला ‘करायला’ सरळ ‘टु कुक’ होऊन बाहेर पडतो. हवं असतं ‘आय एन्जॉय कुकिंग.’

आधी जेरंड ओळखा. क्रियापदाला ‘इंग’ लागून तो शब्द नामाचं काम करू लागला की झाला जेरंड. मराठीत हेच काम धातुसाधित नाम करतं: पोहणे, वाचणे, विकणे. कोंकणीतलं वाचप, बरोवप तर आपल्या रोजच्या तोंडातलं. पण ‘इंग’ दिसला की जेरंड, असं मात्र नाही. ‘शी इज सेलिंग फिश’ म्हणजे ती मासे विकतेय, क्रिया चालू आहे. ‘सेलिंग फिश इज हार्ड वर्क’ म्हणजे मासे विकणे कष्टाचं आहे. मराठी करताना ‘णे’ बसला, तर जेरंड समजा.

आता तो कर्त्याच्या जागी ठेवा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यावरून वाक्य करू: ‘फिशिंग इज बॅन्ड इन जून अँड जुलै.’ सोपं आहे. गोची होते ती पुढच्या वाक्यात: ‘क्लीनिंग प्रॉन्स टेक्स टाइम.’ मुलं हमखास ‘टेक’ लिहितात, कारण शेजारी ‘प्रॉन्स’ हे अनेकवचन बसलेलं असतं. पण वेळ सुंगटं (कोळंबी) खात नाहीत, ती सोलणं खातं, आणि सोलणं एकच. शंका आली तर ‘क्लीनिंग प्रॉन्स’ बोटाने झाका आणि तिथे ‘इट’ म्हणा. ‘इट टेक्स टाइम.’ सुंगटं सोलणं आणि नारळ वाटणं अशी दोन वेगळी कामं ‘अँड’ने जोडली, तर मात्र ‘टेक’ बरोबर.

कर्माच्या जागी थोडं पाठांतर लागतं, त्याला इलाज नाही. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, प्रॅक्टिस यांच्यामागून जेरंड येतो. वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस यांना ‘टु’ लागतो. लाइक आणि स्टार्ट यांना दोन्ही चालतात.

‘स्टॉप’ मला फार आवडतो, कारण इथे मराठी कान दगा देत नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो. ‘ही स्टॉप्ड टु बाय ब्रेड’ म्हणजे तो पाव घ्यायला थांबला. ‘ही स्टॉप्ड बायिंग ब्रेड’ म्हणजे त्याने पाव घेणं बंद केलं, डॉक्टरने सांगितलं असेल. ‘घ्यायला’ आणि ‘घेणं’ हा आपलाच फरक इंग्रजीत जसाच्या तसा उतरलाय.

फॉर, ॲट, विदाउट असे शब्द आले की पुढे डोळे मिटून जेरंड: ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘शी इज गुड ॲट ड्रॉइंग.’

फसवतो तो ‘लुक फॉरवर्ड टु’, म्हणजे आतुरतेने वाट पाहणं. माझा एक विद्यार्थी मुलाखतीत ‘आय लुक फॉरवर्ड टु वर्क विथ यू’ म्हणून आला. नोकरी लागली, ती त्याच्या हसऱ्या चेहऱ्यामुळे, असं माझं मत. इथला ‘टु’ क्रियापदाचा नाही, तो ‘फॉर’, ‘ॲट’च्याच जातीचा. ओळखायचं कसं? त्याच्यापुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु चवथ’ (चवथ म्हणजे गणेश चतुर्थी) गोव्यात कुणालाही पटेल. चवथ जिथे बसते तिथे ‘वर्किंग’ बसतं. ‘आय वाँट टु चवथ’ म्हणून बघा, जीभच अडखळेल, म्हणून तिथे ‘आय वाँट टु वर्क.’