सूर्यफूल पेरण्याआधी : मुळाची आणि ओलीची तयारी

श्रावण संपत आला की सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या काळ्या रानांत रब्बीची बोलणी सुरू होतात. यंदा ज्यांनी सूर्यफुलाचा विचार पक्का केलाय त्यांच्यासाठी ही तयारीची यादी. बियाणं कुठलं, खत किती, हे पुढे ओझरतं येईल. माझा सगळा भर जमिनीखालच्या कामावर आहे, कारण कोरडवाहू रब्बी सूर्यफूल पावसाळ्यात जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच वाढतं, आणि ती ओल उचलायची तर मूळ तिथवर पोचावं लागतं.

किती ओल लागते याचा अंदाज आधी घ्या. १७२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये इंग्लंडात स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाने कुंडीतलं साडेतीन फुटी सूर्यफूल पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तोललं होतं. मातीतून वाफ उडू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर शिशाचा पत्रा बसवला होता. तरी त्या एका झाडाने दिवसाला सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच पाणी हवेत सोडलं. आता ६० बाय ३० सेंमीवर पेरलेल्या एकरभर रानात बावीस हजारांच्या आसपास झाडं बसतात. त्याच मापाने हिशेब केला तर रोजचे १२ हजार लिटर होतात, म्हणजे दुष्काळात गावात येणारा एक मोठा टँकर एकरामागे रोज. पावसाच्या भाषेत ३ मिलिमीटर. चांगली खोल काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला उचलता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. मूळ मीटरभर गेलं तर ते पन्नास दिवस पुरेल. वरच्या फूटभरातच अडकलं तर पंधराच दिवस. रान तेच, पाऊस तोच, बियाणंही तेच. सूर्यफुलाच्या सोटमुळाची ताकद तर मोकळ्या, खोल जमिनीत दोन मीटरपर्यंत जाण्याची आहे.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाकायला हवी. 'पाणी तोडलं की मूळ पाण्याच्या शोधात खोल जातं' असं पारावर सर्रास ऐकू येतं. मूळ कोरड्या मातीतून पाणी शोधत जात नाही. त्याचं टोक पुढे सरकतं ते टोकामागच्या पेशी पाण्याने फुगतात म्हणून. पुढची माती कोरडी पडली की पाणी मिळत नाही, शिवाय ती कडक होते, आणि टोक जागच्या जागी थांबतं. वरचा थर सुकत चाललाय आणि खालचा ओला आहे, अशी स्थिती असेल तर झाड वर कमी मुळ्या काढतं आणि खाली जास्त. पाण्याचा ताण तेव्हाच कामाला येतो. खाली ओल नसताना दिलेला ताण हे नुसतं नुकसान आहे. म्हणून या यादीतलं प्रत्येक काम दोनच प्रश्नांभोवती फिरतं: खाली ओल आहे का, आणि तिथवर वाट मोकळी आहे का?

पहिलं काम खड्डा. बांधाजवळ नको, रानाच्या मधोमध, जिथे ट्रॅक्टर दरवर्षी फिरतो तिथे तीन फूट खोल खणा. एका बाजूची भिंत सुरीने हळूहळू खरवडत खाली या. वरची वीतभर माती सहज सुटते. त्याखाली बऱ्याच रानांत सुरी अडते. तिथलं एक ढेकूळ काढून हातात फोडा. ते कणीदार न फुटता आडव्या पापुद्र्यांत सुटलं, तर नीट बघा: मागच्या पिकाच्या मुळ्या त्या थरापर्यंत सरळ आलेल्या असतात आणि तिथून काटकोनात वळून चपट्या होऊन आडव्या पसरलेल्या असतात. हाच नांगराचा तळ. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर चालला, त्यातही माती ओली असताना चालला, की तो तयार होतो. ओला असेपर्यंत हा थर मुळाला थोडीफार वाट देतो, पण सुकायला लागला की दगडासारखा होतो, आणि रब्बीत तो नेमका पीक ऐन वाढीत असताना सुकतो.

असा तळ सापडला तर सबसॉयलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारा खोल फाळ, लागेल, पण आत्ता नाही. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी असताना चालवला तर थर तडकतो. ओल्या मातीत तोच फाळ चिकणमातीत एक गुळगुळीत फट पाडून जातो आणि आजूबाजूची माती आणखी दाबतो. आत्ता नुसती नोंद करा आणि शक्य असेल तर सूर्यफुलासाठी दुसरं रान निवडा. खड्ड्यात दीड फुटावरच मुरूम लागला, तर त्या रानात कोरडवाहू रब्बी सूर्यफूल करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे ते खरिपात करा. आणि जमीन चोपण असेल, म्हणजे पावसानंतर वर तेलकट थर धरून पाणी तासन्‌तास तसंच उभं राहत असेल, तर माती परीक्षण करून आधी जिप्समचं बघा. त्या जमिनीत पाणीच खाली उतरत नाही, मग मूळ कुठून उतरणार?

रान ठरलं की पाणी मुरवण्याचं काम. सोलापूरकडे सप्टेंबर हा सर्वांत भरवशाचा पावसाचा महिना, आणि तोच पाऊस रब्बीची पुंजी असतो. त्याआधी रानात बंदिस्त वाफे, म्हणजे चारही बाजूंनी छोटे बांध घातलेले चौकोन, पाडा: सहा बाय सहा ते दहा बाय दहा मीटर, उतार जास्त असेल तर वाफा लहान. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने हे तंत्र वर्षानुवर्षं शिफारशीत ठेवलंय आणि ते बैलाच्या सारा यंत्रानेही होतं. एखादा जोरदार पाऊस बांधावरून ओढ्याला गेला, तर त्याच्यासोबत पिकाचे दहा-पंधरा दिवस गेले असं समजा. पाऊस झाल्यावर दोन दिवसांनी बोटभर जाडीची लोखंडी सळई हाताच्या दाबाने रोवून बघा. ओल्या मातीत ती जाते, कोरड्या थरावर थांबते. दहा-बारा ठिकाणी रोवा आणि खोली लिहून ठेवा. सळई अडीच-तीन फूट जात असेल तर निश्चिंत मनाने पेरा. दीड फुटावर थांबत असेल आणि विहिरीला पाणी असेल तर पेरणीपूर्वी एक पाणी देऊन खालचा थर भरून घ्या. पाणीही नसेल तर क्षेत्र कमी करा. हे सांगणं मला आवडत नाही, पण अर्ध्या ओलीवर पूर्ण रान पेरण्यापेक्षा ते बरं.

आता उलट बाजू, आणि इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण ओलीच्या मागे लागलेला माणूस हवेला विसरतो. मूळ श्वास घेतं. मातीच्या बारीक पोकळ्यांत हवा असते तोवर त्याला प्राणवायू मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पाण्यातून प्राणवायू मुळापर्यंत सरकण्याचा वेग हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. जे थोडं उरलेलं असतं ते मुळं आणि मातीतले जिवाणू दिवसाभरात संपवतात. मग मुळाची टोकं आधी मरतात. मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाडही मान टाकतं, खालची पानं पिवळी पडतात, देठ खाली वाकतात. हे बघून घाईने आणखी पाणी सोडणारे शेतकरी मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. झाड कोमेजलं की पाइपला हात लावण्याआधी मुळाशी वीतभर उकरून बघा. माती हाताला चिकटत असेल, मूळ पांढरं सोडून तपकिरी, बुळबुळीत झालं असेल आणि कुजका वास येत असेल, तर झाडाला पाणी नको, हवा हवी आहे. चर काढून पाणी बाहेर घाला आणि वाफसा येताच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की, वरची माती मोकळी करणारी हलकी कोळपणी करा. सूर्यफूल तगलं तर खोडाच्या बुडाशी, मातीलगत नवी मुळं काढतं; त्यांच्यावर मातीची भर घातली की झाडाला आधार मिळतो. पण गेलेली खोली भरून येत नाही. हे बुडीतलं पीक पुढे ओल असूनही लवकर सुकतं, कारण त्याची सगळी मुळं आता वरच्या विताच्या आतच असतात.

म्हणून बंदिस्त वाफे पाडतानाच रानाच्या सखल कोपऱ्यात निचऱ्याचा चर आखून ठेवा आणि पेरणीआधी वाफ्यांचे बांध मोडा. परतीचा पाऊस कधी ऑक्टोबरातही धो धो येतो. खरिपात सूर्यफूल करणाऱ्यांनी तर रुंद वरंबा-सरीवरच करावं. वरंब्यावर हवा राहते आणि सरीतून जादा पाणी निघून जातं.

पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वाफशावर. मुठीत दाबलेला मातीचा गोळा धरून राहावा, पण अंगठ्याने दाबताच फुटावा, आणि हाताला चिखल लागू नये. चिखलात तिफण घातली तर फणाच्या दोन्ही बाजूंनी सरीची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. वाळल्यावर कोवळं मूळ त्या भिंतीतून बाजूला जाऊ शकत नाही, सरीतच वरखाली होत राहतं. बियाणं साधारण ५ सेंमी खोल, ओलीत टेकेल असं पडू द्या. वरची ओल आणि खालची ओल यांच्यामध्ये कोरडा पट्टा राहिला तर रोप उगवतं, चार पानं काढतं आणि सोटमूळ त्या पट्ट्यावर येऊन अडतं. बियाणं रात्रभर भिजवून सावलीत सुकवून घेतलं तर उगवण लवकर आणि एकसारखी होते, म्हणजे वरचा थर सुकण्याआधी मूळ खाली सटकतं. वाणांत भानू किंवा फुले भास्कर आपल्याकडे कोरडवाहूला चालतात. खोल जमिनीत ६० बाय ३० आणि मध्यम जमिनीत ४५ बाय ३० सेंमी हे अंतर पाळा. कोरडवाहूसाठी हेक्टरी ५० किलो नत्र, २५ स्फुरद, २५ पालाश पेरून द्या, वर पसरू नका. कोरड्या पृष्ठभागावरचं खत मुळाला मिळत नाही.

उगवणीनंतर दहा-बारा दिवसांत विरळणी उरका. एका जागी दोन रोपं ठेवायचा मोह होतोच, पण दोघांची मुळं त्याच ओलीवर पडतात. पीक आठ-दहा पानांवर येतं तेव्हा सोटमूळ ५० ते ७० सेंमीपर्यंत पोचलेलं असतं, म्हणजे वर दिसतं त्याहून खाली जास्त. याच काळात, तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास, दोन कोळपण्या झाल्याच पाहिजेत. तण तर जातंच, पण काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा बुजतात. भेग नुसती ओल उडवत नाही, ती रुंदावताना बारीक मुळ्या अक्षरशः तोडते. भेगेत वाकून बघितलं तर दोन्ही भिंतींतून तुटलेली मुळांची टोकं लोंबताना दिसतात.

ज्यांच्याकडे विहीर किंवा शेततळं आहे त्यांनी एकच पाणी असेल तर ते कळी दिसू लागल्यापासून फुलोरा सुरू होईपर्यंतच्या काळात, भेगा रुंदावण्याआधी द्यावं. दुसरं मिळालं तर दाणे भरताना. दर आठवड्याला थोडं-थोडं पाणी देण्याची सवय मुळांना वरच्या थरातच ठेवते. मग एक पाळी चुकली की पीक लगेच पडतं, आणि फूल जड झाल्यावर ओल्या, सैल मातीत वाऱ्याने मुळासकट कोलमडतं. दाणे भरताना पाणी द्यायचं तर वारा पडलेला बघून द्या.

पाणी केव्हा द्यायचं हे झाडालाच विचारा. दुपारी मान टाकून संध्याकाळी ताठ झालं तर घाबरू नका. पहाटेही पानं सुकलेलीच असतील तर मुळांच्या टापूतली ओल संपत आली आहे. मृदाशास्त्रात जमिनीचा कायम सुकण्याचा बिंदू ठरवायला सूर्यफुलाचीच रोपं वापरण्याची पद्धत रूढ झाली. रात्रभर दमट हवेत ठेवूनही रोप सावरलं नाही, की त्या मातीत पिकाच्या कामाचं पाणी उरलेलं नाही असं धरतात. आपण पहाटे रानात जाऊन बघतो ती हीच परीक्षा. फुलोऱ्यानंतर असा ताण कडक उन्हात आला तर चारकोल रॉट हा खोड कुजवणारा रोगही धरतो: खोडाचं बूड राखाडी पडतं आणि चिरलं तर आत काळ्या पुडीसारखे कण दिसतात.

फुलोऱ्यात एक झाड बळी द्या. मुळाभोवती दोन फूट माती सोडून खणा, मातीसकट बादलीत भिजवा आणि पाण्याची हळू धार सोडून धुवा. सोटमूळ सरळ गेलंय की वळलंय, किती खोलीवर पांढऱ्या बारीक मुळ्यांचं जाळं आहे, हे पेरणीआधीच्या सळईच्या आकड्यांशेजारी लिहा. उन्हाळ्यात सबसॉयलर भाड्याने आणायचा की नाही हे त्या दोन आकड्यांवरून ठरवता येईल.

काढणीनंतर एक गोष्ट ध्यानात ठेवा: सूर्यफूल खालच्या थरातली ओल ओढून घेतं. त्यामुळे पुढच्या रब्बीत त्याच रानात पुन्हा सूर्यफूल किंवा करडई असं खोल मुळांचं पीक धरायचं ठरवलंत, तर सप्टेंबरात सळई पुन्हा रोवा, आणि ती दोन फुटांच्या आत थांबली तर तिथे त्या वर्षी हरभरा घ्या.