एअरबॉक्स काढण्याआधी: ट्यूनिंग मॉड्यूल बसवण्याच्या तयारीची यादी

कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) डिझेल गाडीला ट्यूनिंग मॉड्यूल, म्हणजे इंजिनची ताकद वाढवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक डबी, बसवणे म्हणजे रेलमधला दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा कपलर (तारेचा जोड) सोडवून मधे मॉड्यूलची तार जोडणे, एवढेच काम असते. खरा वेळ जातो तो सेन्सरपर्यंत हात पोहोचावा म्हणून एअर फिल्टरचा अख्खा डबा (एअरबॉक्स) बाहेर काढण्यात आणि तो होता तसा परत बसवण्यात. त्यामुळे ही यादी मॉड्यूलची कमी आणि डब्याची जास्त आहे.

सर्वप्रथम कागदपत्रे पाहावीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील बदलांवर मर्यादा घातल्या आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी आणि विम्याच्या अटीही आधीच वाचून घ्याव्यात. हे सर्व पाहूनही मॉड्यूल बसवायचेच ठरले, तरच पाना हातात घ्यावा.

जागा आणि दिवस विचारपूर्वक निवडावेत. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर उघड्या अंगणात हे काम काढू नये, हे सांगायला नको. परंतु गळीत हंगामातील कोरडे दिवसही तितकेसे निर्धोक नसतात, कारण शेतात पेटवलेल्या पाचटाची काळी राख वाऱ्यावर उडत येऊन अंगणात पडते. माझ्या गाडीचा डबा मी प्रथम उघडला, तेव्हा खालच्या भागात ती राख, दोन वाळकी पाने आणि एक मेलेला पतंग निघाला होता. फिल्टरच्या अलीकडे हे असणारच. पलीकडे त्यातला कणही जाता कामा नये, आणि तयारीचा बराचसा खटाटोप त्यासाठीच आहे.

हत्यारे मोजकीच लागतात: दहाचा पाना किंवा सॉकेट, लांब एक्स्टेंशनसह रॅचेट, डब्याच्या स्क्रूंना लागेल तो टॉर्क्स बिट (अनेक गाड्यांना टी-२५ चालतो), होजच्या क्लॅम्पसाठी चपटा स्क्रू ड्रायव्हर, पडलेला स्क्रू उचलायला लोहचुंबक असलेली काडी, प्लास्टिकचे टाय, स्वच्छ सुती कापड आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. क्लॅम्प गंजलेला दिसला, तर नवा आदल्या दिवशीच आणून ठेवावा. उद्यमनगरात असल्या वस्तू सहज मिळतात, पण डबा बाहेर काढल्यानंतर दुकानात जायला गाडी नसते. फिल्टर बदलायला आला असेल, तर तोही याच वेळी आणावा. गाडीचा स्कॅनर असल्यास आधी जुने फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेल्या बिघाडांचे क्रमांक) वाचून लिहून ठेवावेत, म्हणजे नंतर दिसलेला कोड आपल्या हातून आला की पूर्वीचाच होता, याचा वाद राहत नाही.

इंजिन थंड होऊ द्यावे, इग्निशन बंद करावे, बॉनेट उघडून ठेवून गाडी लॉक करावी आणि चावी दूर घरात ठेवून किमान अर्धा तास थांबावे, म्हणजे इंजिनचा कंट्रोल युनिट (संगणक) पूर्ण झोपी जातो. त्या वेळात डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. कोणती तार होजच्या वरून जाते आणि कोणती खालून, हे तासाभराने आठवत नाही.

डबा काढताना पहिला कपलर एअर मास सेन्सरचा, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. त्याची लाल पट्टी असल्यास आधी ती मागे सरकवावी, मग खटका दाबावा आणि ओढताना कपलरला धरावे, तारेला नव्हे. सेन्सरच्या आतील नाजूक भागाला बोट लावू नये. त्यानंतर क्लॅम्प सैल करून होज हलक्या हाताने फिरवत काढावा आणि टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या चक्राकडे) जाणारे त्याचे तोंड त्याच क्षणी कापडाने झाकावे. कापड भडक रंगाचे आणि बाहेर लोंबेल इतके मोठे असावे, म्हणजे ते आत विसरले जात नाही. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, तिथे एखादा स्क्रू गेला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. डब्याचे पाय खाली रबरी बूशमध्ये (गाद्यांमध्ये) दाबून बसवलेले असतात, म्हणून तो तिरपा न करता सरळ वर उचलावा.

डब्याखालच्या रेल प्रेशर सेन्सरचा फक्त कपलर काढायचा. सेन्सर किंवा डिझेलचा धातूचा पाइप सैल करायचा नाही, कारण चालत्या इंजिनात त्या रेलमध्ये १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाब असतो. मॉड्यूलची तार एक्झॉस्टच्या उष्णतेपासून आणि धारदार कडांपासून दूर बांधावी. कपलरमधले रबरी सील जागेवर आहे की नाही, हे इथल्या पावसाचा विचार करून दोनदा पाहावे.

परत बसवताना बूशला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस नव्हे. मी एकदा मागचा पाय बूशमध्ये न बसताच डबा आवळला आणि गगनबावड्याच्या वाटेवर प्रत्येक गतिरोधकावर त्याची टकटक ऐकली. तेव्हापासून तिन्ही पाय हाताने हलवून पाहतो. फिल्टरची रबरी कड खाचेत सगळीकडून सपाट बसली पाहिजे. एका कोपऱ्यात ती दुमडली, तर गाळली न गेलेली धूळ थेट टर्बोत आणि पुढे सिलिंडरमध्ये जाते. झाकणाचे स्क्रू प्लास्टिकमध्ये जात असल्याने आधी उलटे फिरवून जुन्या आट्यात बसल्याचे जाणवले की मगच हाताने आवळावेत. रॅचेट इथे वापरू नये.

वाटी रिकामी झाली, कापड हातात आले आणि सर्व कपलर खटका वाजून बसले, की मगच इंजिन सुरू करावे. मॉड्यूल सर्वांत कमी पातळीवर ठेवावे. चेक इंजिनचा दिवा आणि होजजवळ शिटीसारखा आवाज, या दोन्हींकडे लक्ष द्यावे. पहिली फेरी पन्हाळ्यापर्यंतची पुरेशी आहे. सुमारे २० किलोमीटरच्या या रस्त्यात शेवटी चढ असल्याने इंजिनवर भार येतो आणि काळा धूर निघतो का, हे आरशात दिसते. परतल्यावर इंजिन थंड झाले, की बॉनेट उघडून क्लॅम्प आणि टाय पुन्हा एकदा तपासावेत आणि मॉड्यूलसोबत आलेला बायपास प्लग (मॉड्यूल काढल्यास त्याच्या जागी तारेला लावायचा) ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवून द्यावा.